मुकीं दुखणीं

मनुष्याला बत्तीस दांत असतात हें आम्हीं शाळेंत असतांनाच पाठ केलें होतें. पण त्यांपैकीं प्रत्येकाला स्वतःचें असें अस्तित्व आहे आणि वेळ आली म्हणजे तो तें सिद्ध करून दाखवितो, हें कळण्यास आम्हांला पन्नाशी ओलांडावी लागली. निमित्त झालें भडंगाचें. सांगलींत राहून भडंगाला नांवें ठेवणें म्हणजे पाण्यांत राहून माशाशीं वैर करण्यासारखें आहे. म्हणून प्रथमच सांगून टाकतों, कीं अपराध भडंगाचा नव्हता. गेल्या वर्षीं श्रावणांतल्या एका सायंकाळीं आम्ही आयर्विन पुलाच्या बाजूस घाटावर जाऊन बसलों होतों. कृष्णेचें पाणी गढूळ होऊन वर चढत होतें, शेजारीं दोन मित्र होते, आणि मध्यें कागदावर भडंग पसरलेलें होतें. बोलतां बोलतां एक शेंगदाणा उजवीकडच्या खालच्या दाढेंत सांपडला, आणि कानापासून हनुवटीपर्यंत अशी कांहीं कळ गेली, कीं आमचें चाललेलें वाक्य अर्धेंच राहिलें. तीस वर्षें व्याख्यानें देण्याचा धंदा केलेल्या माणसाचें वाक्य अर्धें राहणें ही सामान्य घटना नव्हे. मित्रांनींही ती सामान्य मानली नाहीं. ते पोट धरून हसले.

त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां आम्ही दांतांविषयीं विचार करूं लागलों. विचार करण्याची संवय असलेल्या माणसाला दुखण्यांतही तेवढीच एक करमणूक असते. आमची मराठी भाषा दांतांच्या बाबतींत मोठी संपन्न आहे. आपण शत्रूचे दांत पाडतों, त्याचे दांत त्याच्याच घशांत घालतों, रागानें दांतओठ खातों, शरण जातांना दांतीं तृण धरतों, आणि घरांतलें भांडण बाहेर जाऊं नये म्हणून आपलेच दांत आणि आपलेच ओठ असें म्हणून गप्प बसतों. चणे असले तर दांत नसतात आणि दांत असले तर चणे नसतात, हा सिद्धांत आमच्या पूर्वजांनीं अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाशिवाय मांडून ठेवला. परंतु असलेले दांत राखावे कसे, यासंबंधीं एकही म्हण आम्हांला त्या रात्रीं आठवली नाहीं. जी वस्तु दिसते, चावते आणि शोभते, तिचें आपण वर्णन करतों. तिची निगा राखण्याचें काम मात्र भाषेनें आणि आपणही दुसऱ्या कोणावर तरी सोंपविलेलें दिसतें.

सकाळीं सौभाग्यवतींनीं लवंगेच्या तेलाचा बोळा दिला. तो दाढेखालीं धरतांच कळ ओसरली. दुपारीं पुन्हां उठली. तेव्हां कपाटांतली एक गोळी घेतली. असें तीन दिवस चाललें, आणि चवथ्या दिवशीं दाढ एकाएकीं शांत झाली. आम्हांला मनस्वी आनंद झाला. लवंगेचें महात्म्य आम्हीं सहकाऱ्यांना ऐकविलें, दंतवैद्याकडे जाण्याचा बेत रहित केला, आणि पुढचे दोन महिने त्या दाढेची आठवणसुद्धां काढली नाहीं. दिवाळीच्या आदल्या दिवशीं मात्र आरशांत पाहिलें तों उजवा गाल डाव्याच्या दीडपट झालेला! दुखत मात्र फारसें नव्हतें.

आमच्या या जिल्ह्याला दंतवैद्यकाची उणीव नाहीं. सांगलींत भारती विद्यापीठाचें आणि जवळच कवलापुरास वसंतदादा पाटलांच्या नांवाचें अशीं दोन दंतमहाविद्यालयें आहेत. पलीकडे साताऱ्याच्या हद्दींत कऱ्हाडास तिसरें आहे. या देशांत दंतवैद्यकाचें शिक्षण फार जुनें नाहीं. कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं पहिलें दंतमहाविद्यालय काढलें, मुंबईस नायर रुग्णालयाचें १९३३ सालीं निघालें, आणि दंतवैद्यांचा कायदा झाला तो १९४८ सालीं. आमच्या आजोबांच्या काळीं दुखरा दांत गांवचा न्हावी किंवा सोनार पकडीनें उपटून काढी. आज त्याच मुलखांत दर वर्षीं शेंकडों तरुण-तरुणी हें शास्त्र शिकून बाहेर पडतात. असें असूनही आम्ही दाराशीं असलेल्या विद्येकडे गेलों ते गाल सुजल्यावर! त्या महाविद्यालयांपैकीं एकाच्या रुग्णालयांत, नांवाचा कागद हातांत धरून, आम्ही बांकावर जाऊन बसलों.

दवाखान्याचा बांक ही एक पाठशाळाच असते. आमच्या डावीकडे कवठेमहांकाळाकडचे एक शेतकरी होते. वरची दाढ काढली तर डोळे अधू होतात असें त्यांच्या मेहुण्यानें बजावलें होतें, म्हणून ते दोन वर्षें ती दाढ तशीच संभाळीत होते. उजवीकडच्या एका बाईंचें म्हणणें असें, कीं दांतांची सफाई करून घेतली कीं दांत खिळखिळे होतात. त्यांच्या जावेचे झाले. समोरच्या आजीबाईंनीं तर सांगितलें, कीं लहानपणीं त्यांच्या दाढेंतला किडा रिंगणीच्या बियांची धुरी देऊन काढला होता आणि तो त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाण्यांत पडतांना पाहिला होता. आम्ही गालाला रुमाल लावून गप्प होतों. या मंडळींच्या भोळेपणाचें आम्हांला जें कौतुक वाटत होतें, तें आमच्या लवंगेच्या तेलाची आठवण झाल्यावर हळूच विरून गेलें.

आमचा पुकार झाला. आंत पांढरा अंगरखा घातलेली एक मुलगी उभी होती. आमच्या वर्गांत मागच्या बांकावर बसणाऱ्या मुलींएवढीच. आम्हीं खुर्चींत बसतांच तोंड उघडलें आणि बोटानें दाढ दाखविली. तिनें दाढेकडे पाहिलेंच नाहीं. हातांतल्या लहानशा आरशानें तिनें आधीं ओंठांची आंतली बाजू पाहिली, मग दोन्ही गाल आंतून पाहिले, जीभ बाहेर काढायला लावून ती दोन्ही बाजूंनीं पाहिली, मग जीभ टाळूला लावायला सांगून तिच्या खालची जागा पाहिली, आणि हें सर्व करीत असतां विचारलें, "सर, तंबाखू, सुपारी, मिश्री कांहीं?"

आम्हांला राग आला. इंग्रजी साहित्य शिकविणाऱ्या माणसाला मिश्री विचारावी! आम्हीं काहींशा ताठ्यानें उत्तर दिलें, कीं आमची फक्त दाढ दुखते. ती हसली नाहीं कीं रागावली नाहीं. म्हणाली, "सगळ्यांनाच विचारतों, सर. आधीं सगळें तोंड बघायचें असतें. दुखतो तो दांत शेवटीं."

दाढ वांचण्यासारखी राहिली नव्हती. तिची मुळें पोकळ झालेलीं होतीं आणि खालीं हाडांत पू सांचला होता. श्रावणांत ती एकाएकीं शांत झाली ती लवंगेच्या पुण्याईनें नव्हे. दांताच्या गाभ्यांतली शीर मेली, म्हणून कळ थांबली होती. रोग मात्र त्या मेलेल्या वाटेनें खालीं उतरत होता. कळ होती तोंवर गेलों असतों तर शीर काढून, मुळें साफ करून, वर टोपी बसवून दाढ राखतां आली असती. त्या मुलीच्या शिक्षकांनीं ती काढली, आणि घरीं नेण्यास आम्हांला दिली. लहानपणीं पडलेला दांत आम्ही कौलांवर फेंकीत असूं आणि उंदराकडे नवा मागत असूं. आतां मागावयास तोंड राहिलें नव्हतें.

पुढें सफाईसाठीं आम्हांला तीन वेळां जावें लागलें, आणि त्या मुलीशीं आमचें गुरुशिष्याचें नातें उलट्या दिशेनें जुळलें. आम्हीं विचारावें आणि तिनें सांगावें. आजीबाईंच्या किड्याचा विषय निघाला. तो किडा फार पुरातन आहे. बाबिलोनच्या लोकांनीं त्याच्यावर मंत्र रचले होते. युरोपांत खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देऊन तो काढीत असत, आणि ते किडे म्हणजे निखाऱ्यावर तापून फुटलेल्या बियांतले अंकुर होत, हें पुढें उघडकीस आलें. फ्रान्समधील फोशार या दंतवैद्यानें १७२८ सालीं आपल्या ग्रंथांत हा किडा साफ नाकारला. पण गंमत अशी, कीं त्याच्या आधीं पंचेचाळीस वर्षें, १६८३ सालीं, हॉलंडांतल्या लेव्हेनहूक नांवाच्या कापडविक्यानें आपल्याच दांतांवरचा पांढुरका थर खरडून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला होता आणि त्यांत वळवळणारे असंख्य जीव पाहून लंडनच्या विद्वत्सभेला कळविलें होतें. ते जीव दांतांचें काय करतात, हें मिलर या अमेरिकन पंडितानें बर्लिनमध्यें संशोधन करून १८९० सालीं मांडलें. ते दांत कुरतडीत नाहींत. आपण खाल्लेली साखर ते खातात, तिचें आम्ल करतात, आणि तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. म्हणजे आमच्या भाषेनें 'दांत किडला' असें म्हटलें तें अगदींच खोटें नव्हे. फक्त किडा धुरीनें पडणारा नाहीं, आणि त्याला जेवूं घालणारे आपणच आहों.

किती साखर खाल्ली यापेक्षां ती किती वेळां तोंडांत गेली, हा खरा प्रश्न आहे, असें ती म्हणाली. साखर तोंडांत गेल्यावर कांहीं मिनिटांतच आम्ल तयार होतें, आणि लाळेला तें निवारून तोंड पूर्वस्थितीवर आणण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत दुसरा घोट गेला, कीं लाळेचें काम पहिल्यापासून सुरू. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मनोदुर्बलांच्या आश्रमांत १९४५ पासून कांहीं वर्षें तेथील अजाण रहिवाशांना मुद्दाम चिकट मिठाई खाऊं घालून हें पडताळून पाहण्यांत आलें आणि १९५४ सालीं तें प्रसिद्ध झालें. ज्यांना नाहीं म्हणतां येत नव्हतें अशा माणसांचे दांत किडवून मिळविलेलें तें ज्ञान आहे. तें निदान वायां तरी जाऊं नये. आम्हीं मनांतल्या मनांत हिशेब केला. प्राध्यापकांच्या खोलींत दोन तासांमध्यें एक चहा, असे दिवसांतून सात चहा, आणि सातांही वेळां दीड चमचा साखर. उंसाच्या मुलखांत राहून फिका चहा प्यावा तरी कसा? आमच्या बालपणीं उंसाचें कांडें दांतांनीं सोलणें हें पुरुषार्थाचें लक्षण होतें, आणि गुऱ्हाळावरची काकवी बोटांनीं चाटण्यांत तर ब्रह्मानंद होता. पण गुऱ्हाळ वर्षांतून चार दिवसांचें. चहा रोजचा, आणि दिवसभराचा.

बांकावरच्या इतर प्रश्नांचींही उत्तरें आम्हीं विचारून घेतलीं, तीं वाचकांच्या उपयोगीं पडतील. वरची दाढ आणि डोळा यांचा तसा कांहीं संबंध नाहीं. दाढ काढल्यानें दृष्टि जात नाहीं. सफाईनेंही दांत हलत नाहींत. हिरड्यांच्या कडेला जें पिंवळें, दगडासारखें कीटण सांचतें, तें हिरडीला सुजवितें आणि खालचें हाड झिजवितें. दांत आधींच सैल झालेला असतो आणि कीटणाचा गिलावा त्याला धरून ठेवल्यासारखा भासतो. तो निघाला म्हणजे खरी स्थिति कळते, इतकेंच. घांसतांना हिरडींतून रक्त आलें तर आपण घांसणें सोडतों. करावयाचें असतें नेमकें उलट. तें रक्त सूज असल्याचें चिन्ह आहे, आणि मऊ कुंचल्यानें ती जागा हळुवार स्वच्छ ठेवली म्हणजे बहुधा थांबतें. थांबलें नाहीं तर दाखवावें. मधुमेह्याच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या मधुमेहालाही आवरूं देत नाहींत. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनीं दांत पांढरे दिसतात खरे, पण तें पांढरेपण कवच खरडून आलेलें असतें. आणि कवच एकदां गेलें कीं पुन्हां उगवत नाहीं. फ्लोराइड असलेल्या पेस्टनें सकाळीं एकदां आणि रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां, दोन दोन मिनिटें घांसावें. त्यांतही रात्रीचें अधिक महत्त्वाचें, कारण निजेंत लाळ आटते. रात्रीं घांसल्यावर पाण्याशिवाय कांहीं खाऊं-पिऊं नये. चारदोन महिन्यांनीं कुंचला बदलावा. दुधाचे दांत पडणारच आहेत म्हणून त्यांची हेळसांड करूं नये, आणि मुलाला गोड दुधाची बाटली तोंडांत देऊन निजवूं नये.

यांत कठीण असें एकही वाक्य नाहीं. घरीं येऊन आम्हीं जुने ग्रंथ उघडले, तों चरकानें दंतधावन दिवसांतून दोन वेळां सांगितलेलें. सुश्रुतानें दांतवणाची काडी बारा अंगुळें लांब आणि करंगळीएवढी जाड असावी असें मापासकट लिहिलेलें. जीभ खरडण्याची पट्टीही सांगितलेली. आम्हांला ठाऊक नव्हतें असें फारसें कांहीं नव्हतेंच. आमची चूक अज्ञानाची नव्हती. दुखत नाहीं तोंवर कांहीं नाहींच, असें आम्ही समजत होतों. आणि दुखूं लागलें कीं तें दुखणें गप्प करण्याची घाई करीत होतों.

येथवर आमची हकीकत हसण्यावारी नेण्यासारखी आहे. एक दाढ गेली, एकतीस उरल्या. पण 'मिश्री कांहीं?' हा त्या मुलीचा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. आणि त्याचें कारण आमचा दुखावलेला मान नव्हता.

आमचें मूळ गांव वाळवें तालुक्यांत, कृष्णेच्या कांठीं. तेथें आमच्या घरीं आमची विधवा आत्या असे. आमची आई लवकर गेली. आम्हांला वाढविलें तें आत्यानें. तिची एक म्हैस होती, आणि त्या म्हशीच्या दुधावर आमच्या कॉलेजची फी भरली गेली. आत्याला एकच व्यसन. तिच्या मतें तें व्यसनच नव्हे. पहाटे उठून ती उंबऱ्यावर बसे, कमरेची पितळी डबी काढी आणि बोटावर चिमूट घेऊन दांत घांसूं लागे. आठवड्यांतून एकदां ती निपाणीकडची तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजी आणि वरवंट्यानें कुटी. त्या दिवशीं घरभर असा ठसका उठे कीं आम्ही पुस्तक घेऊन नदीवर पळत असूं. तीच ही मिश्री, किंवा मशेरी. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या किती आयाबायांची सकाळ तिनें उजाडत आली आहे! आत्याला ती लागली ती दांतदुखीनें. लग्न झाल्यावर नव्या सासरीं दाढ दुखूं लागली, सांगावें कोणाला? सासूनें चिमूटभर मिश्री दिली. दाढ बधिर झाली, काम होऊं लागलें. पुढें दाढ गेली आणि मिश्री राहिली. सकाळची एकदांची दिवसांतून पांच वेळां झाली.

आम्ही पुण्याहून सुटींत घरीं येत असूं तेव्हां तिच्या काळ्या दांतांवर विनोद करीत असूं. एकदां तर तिच्यासाठीं पेस्टची नळी आणि कुंचला घेऊन गेलों. तिनें चव घेऊन थुंकलें आणि म्हणाली, "आरं, ह्यो नुसता फेस. माझं दात बघ, लोखंडाचं हाईत. तुझ्या शहरातल्या बायकांचं हाईत का असं?" आम्ही हसलों, तीही हसली.

१९९२ सालीं सरकारनें पेस्ट आणि दंतमंजनें यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. त्याच वर्षीं आम्ही अध्यापक झालों. बंदीची बातमी आम्हीं वर्तमानपत्रांत वाचली आणि तिचें मनापासून स्वागत केलें. आत्याच्या तव्यावर मात्र कोणत्याही कायद्याची हुकमत नव्हती. आणि तो तवा आमच्या स्वतःच्या चुलीवर होता, हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं. त्या दिवाळींत ती म्हणाली, "तोंडात तिखट लई झोंबतंय रं." आम्ही म्हणालों, वय झालें, तिखट कमी खा. तिनें ठेंचा सोडला. पुढच्या वर्षीं तिनें भाकरी दुधांत कुस्करून खाण्यास सुरुवात केली. आम्हीं तेंही वयाच्या खात्यावर टाकलें. दुखत होतें का? नाहीं. विचारलें तर म्हणे, "दुखत न्हाई काय न्हाई, नुसतं चरबट लागतंय." गालाच्या आंत, ज्या खांचेंत ती मिश्री दडवून धरी, तेथें एक पांढरा चट्टा किती वर्षें होता कोणास ठाऊक! तो चट्टा पुढें फुटला, तेव्हां आम्ही तिला घेऊन मिरजेस गेलों. मिरजेच्या डॉक्टरांनीं तिचें तोंड उघडून पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि विचारलें, "इतके दिवस कोणी बघितलें नाहीं?"

१९९४ च्या उन्हाळ्यांत आत्या गेली. शेवटचे दोन महिने तिला तोंड उघडतां येत नव्हतें.

घरांत वर्तमानपत्र येत होतें, आम्ही पदवीधर होतों, तंबाखूनें तोंडाचा कर्करोग होतो हें आम्हांला पक्कें ठाऊक होतें. तिच्या दांतांवर आम्हीं किती वेळां विनोद केला याची गणती नाहीं. पण 'आत्या, जरा उजेडांत चल, तोंड उघड बघूं' असें एकदांही म्हटलें नाहीं. ती मुलगी अनोळखी माणसाच्या तोंडांत जें पहिल्या दोन मिनिटांत पाहते, तें आम्हीं जिनें आम्हांला भरविलें तिच्या तोंडांत पंचवीस वर्षांत पाहिलें नव्हतें.

आणि नुसतें पाहण्यानें काय होतें, असें कोणी म्हणेल तर त्याचें उत्तर आतां उपलब्ध आहे. केरळांत तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांचीं तोंडें उजेडांत उघडून पाहूं लागले. यंत्र नाहीं, सुई नाहीं. डोळे आणि एक दिवा. २००५ सालीं लॅन्सेट या वैद्यक पत्रांत त्याचें फळ प्रसिद्ध झालें: तंबाखू किंवा दारूचें व्यसन असलेल्या लोकांत तोंडाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु या पाहणीमुळें सुमारें एक तृतीयांशानें घटले होते. पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट झोंबणें, तोंड पुरतें न उघडणें, दोनतीन आठवड्यांत न भरणारें तोंडांतलें व्रण, हीं चिन्हें दुखण्याच्या कितीतरी आधीं दिसतात. पण तीं दिसण्यासाठीं कोणीतरी पाहावें लागतें. कायदे होत आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रानें २०१२ सालीं बंदी घातली. तरी २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत या देशांतल्या प्रौढांपैकीं शेंकडा एकवीसाहून अधिक लोक धुराविना तंबाखू घेणारे निघाले. त्यांत चघळणारे आले तसे दांतांना लावणारेही आले. आणि आपण दांत स्वच्छ करीत आहों असें मनापासून समजणाऱ्या बायका त्यांत किती असतील!

दाढ काढल्यानंतरच्या रविवारीं आम्ही गांवीं गेलों. आतेभाऊ शेतावर होता. वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातांत तीच पितळी डबी होती. आत्याच्या माघारीं ती सुनेकडे आली होती. आम्हीं शेजारीं बसून आपल्या दाढेची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या. मग आम्ही म्हणालों, "वहिनी, जरा तोंड उघडा, बघतों." त्यांनीं तोंडावर पदर घेतला. दिराला तोंड उघडून दाखवायचें म्हणजे काय! आम्हीं पुन्हां म्हटलें. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आमच्या चेहऱ्यावर थट्टा नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें असावें. त्या उठून अंगणांत उन्हांत आल्या आणि त्यांनीं पदर बाजूला केला.

आम्हांला कांहीं कळलें नाहीं. गालाच्या आंत एक जागा पांढुरकी वाटली खरी. पण ती चट्ट्याची कीं उन्हाची, हें सांगण्याची विद्या आमच्याजवळ नाहीं. तेवढी विद्या ज्या मुलीजवळ आहे तिच्याकडे जाण्याचें ठरलें. सोमवारीं सकाळच्या एस.टी.नें आम्ही निघालों. वहिनींनीं ठेवणींतलें लुगडें नेसलें होतें, आणि डबी आठवणीनें घरींच ठेवली होती. इस्लामपूर मागें पडल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कशाला वो येवढा खटाटोप?"

आम्हीं खिडकीबाहेर पाहिलें. रस्त्याच्या दोन्ही अंगांस ऊंस उभा होता.

"आत्यालाही दुखत नव्हतें, वहिनी," आम्ही म्हणालों.

त्यानंतर सांगली येईपर्यंत त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं.